आधी ब्रेक, मग वेग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मुलाने सोळावे वर्ष ओलांडले की बहुतेक ठिकाणी त्याला मोटार चालविण्याचा परवाना मिळू शकतो. परवाना मिळतो, मोटार मिळतेच असे नाही. वडिलांची गाडी वडिलांच्या कामावर जाते आणि नव्या गाडीची किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. अशा वेळी ओहायओसारख्या संस्थानात, एखाद्या शेतकऱ्याच्या कोठारात वीस-पंचवीस वर्षे जागची न हललेली एक जुनी गाडी त्या मुलाच्या दृष्टीस पडते. टायर बसलेले असतात, गाद्यांत उंदरांनी घरे केलेली असतात. शेतकऱ्याच्या लेखी ते भंगार असते. मुलगा मात्र धूळ पुसून गाडीवरचे नाव वाचतो आणि त्याचा जीव तेथेच गुंततो.

या जातीच्या गाड्यांना तिकडे 'मसल कार', म्हणजे पीळदार स्नायूंची गाडी, असे म्हणतात. 1964 साली जनरल मोटर्सच्या पाँटिॲक विभागाने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे 389 घन इंचांचे, आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले आणि तिला जी. टी. ओ. हे नाव दिले. जॉन डीलोरियन हे तेव्हा त्या विभागाचे मुख्य अभियंता होते. अंग मध्यम, बळ थोर आणि किंमत तरुणाला पेलेल अशी, एवढीच ती कल्पना होती. ती अशी काही फळली की शेव्हरोले, फोर्ड, प्लिमथ, डॉज हे सारेच या चढाओढीत उतरले. 1970 साली शेव्हरोलेने आपल्या शेव्हेल गाडीच्या एका इंजिनाचे बळ 450 अश्वशक्ती म्हणून जाहीर केले. पुढे विम्याचे हप्ते चढले, 1970 चा हवाशुद्धीचा कायदा आला, 1973 च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि हा सारा जोम ओसरला.

त्या काळच्या नामांकित गाड्या आज धनिक संग्राहकांच्या घरी आहेत. गरीब मुलाच्या वाट्याला येते ती त्याच घराण्यातील साधी लेक. 1966 ची सहा सिलिंडरांची शेव्हेल हे तिचे चांगले उदाहरण होय. त्या वर्षीच्या 'एस. एस. 396' या तिच्या थोरल्या बहिणीचे बळ 325 पासून 375 अश्वशक्तीपर्यंत होते. हिच्या साध्या इंजिनाचे अवघे 120. मात्र अंगाचा घाट बव्हंशी तोच असल्यामुळे बरेचसे सुटे भाग आजही नव्याने तयार होऊन मिळतात आणि उरलेले भंगारवाल्याकडे शोधता येतात.

मुलाचा खरा हिशेब डॉलरांत नसतो, तासांत असतो. 2009 पासून संघराज्याचे किमान वेतन ताशी 7.25 डॉलर आहे. अनेक संस्थानांनी आपला दर त्याहून वर नेला आहे. जेथे नेला नाही तेथे 100 डॉलरची वस्तू घेण्यासाठी मुलाला उपाहारगृहात जवळजवळ 14 तास भांडी विसळावी लागतात. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना ती आधी हवी की नंतर, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. पैसेवाल्याला तो सहसा पडत नाही.

पहिली गाठ पडते ती गंजाशी. उत्तरेकडील संस्थानांत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी गाडीच्या पोटाशी साचते आणि पत्रा आतून खाते. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीचा पत्रा म्हणूनच जास्त टिकतो. मुलगा एक साधे लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरतो. चांगल्या पत्र्याला ते घट्ट चिकटते. मागील चाकाच्या कमानीपाशी मात्र ते गळून पडते. कोणा जुन्या मालकाने तेथील भोकांत लांबी भरून वर रंग फासलेला असतो. वरून कीर्तन, आतून तमाशा!

येथेच पहिला मोह उभा राहतो. तीच लांबी पुन्हा भरली, घासून गुळगुळीत केली आणि तांबडा रंग दिला तर गाडी महिन्याभरात शाळेच्या दारात उभी राहील. कुजलेला पत्रा कापून नवा जोडावयाचा तर वेल्डिंग शिकावे लागेल आणि सारा हिवाळा त्यात जाईल. पण लांबीखाली गंज थांबत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. मुलगा करवत उचलतो. त्याचा पहिला जोड वेडावाकडा येतो. तो कापून काढावा लागतो. काढलेला प्रत्येक नटबोल्ट तो पिशवीत घालून वर चिठ्ठी लावू लागतो, कारण पहिल्याच आठवड्यात त्याने चार बोल्ट हरवलेले असतात.

दुसरा मोह इंजिनाचा. कार्ब्युरेटर खोलून धुतला, जुनी वायसरे बदलली, नवे स्पार्क प्लग घातले की ते साधे सहा सिलिंडरांचे इंजिन खोकत खोकत जागे होते. तो आवाज ऐकून मुलाला वाटते, आता रस्त्यावर जावे. शेजारचा म्हातारा मिस्त्री दारात उभा राहून विचारतो, "चालू झाली हे खरे. पण थांबेल का रे?"

या प्रश्नात त्या साऱ्या युगाचे वर्म आहे. 1966 च्या शेव्हेलच्या चारही चाकांच्या ब्रेकांना तेल पुरविणारा मास्टर सिलिंडर एकखणी होता. एका नळीला भोक पडले की पेडल तळाला टेकावयाचे आणि चारही चाके मोकळी सुटावयाची. शिवाय ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि लोखंडी नळी आतून गंजविते. बाहेरून ती धडधाकट दिसते. 375 अश्वशक्तीच्या थोरल्या बहिणीलाही त्या वर्षी चारही चाकांना ड्रमचेच ब्रेक होते. डिस्क ब्रेक 1967 पासून मिळू लागले, तेही जादा पैसे मोजणाऱ्याला. धावण्याचे बळ कारखान्यांनी मुक्तहस्ते वाटले. थांबविण्याच्या बळाची आठवण त्यांना उशिरा झाली. 1965 च्या अखेरीस राल्फ नेडर यांनी मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिले, 1966 च्या सप्टेंबरात वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि 1968 पासून पुढील आसनांना खांद्यावरील पट्टे सक्तीचे झाले. कोठारातील गाडी या सर्वांच्या आधीची.

मोठ्या इंजिनासाठी साठविलेले पैसे मुलगा मोडतो. चारही चाकांचे ड्रम उघडून तो नवे अस्तर व नवे सिलिंडर बसवितो. गंजक्या नळ्या काढून नव्या वाकवितो. जुन्या मास्टर सिलिंडरच्या जागी 1967 च्या धर्तीचा दोनखणी सिलिंडर घालतो, म्हणजे पुढची नळी फुटली तरी मागची चाके धरतील. हे काम कोणाला दिसावयाचे नाही. शाळेतील सोबती गाडीचा रंग विचारतील, ब्रेकच्या नळ्या कोणी विचारणार नाही.

वसंत ऋतूत गाडी बाहेर येते. तिचे एक दार निळे, दुसरे करडे असते आणि रंगाचे पैसे अजून जमावयाचे असतात. शेताच्या कडेच्या निर्जन वाटेवर मुलगा तिला थोडा वेग देतो आणि पाय दाबतो. गाडी उजवीकडे थोडी ओढते. तो परत येतो, ब्रेक पुन्हा जुळवितो, पुन्हा जातो. तिसऱ्या खेपेस ती सरळ रेषेत थांबते. म्हातारा मिस्त्री काही बोलत नाही. तो करडे दार उघडतो, मुलाच्या शेजारी बसतो आणि पट्टा आवळून म्हणतो, "चल."