पुड्यावरचा आकडा



दुकानात खाण्याचा पुडा हाती आला की आपण किंमत पाहतो, तारीख पाहतो, शाकाहाराची हिरवी खूण पाहतो. पाठीमागच्या बारीक अक्षरांतल्या कोष्टकाकडे मात्र नजर क्वचितच जाते. त्या कोष्टकात उष्मांक, म्हणजे किलोकॅलरी, दिलेले असतात.

नजर गेली तरी हिशेब चुकतो, तो कसा पाहा. आकडा असतो १०० ग्रॅमचा. समजा, शेवेच्या पुड्यावर ५५० लिहिले आहे आणि पुडा आहे २०० ग्रॅमचा. पुडा संपविणाऱ्याच्या पोटात ११०० उष्मांक गेले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत दिवसाची गरज सरासरी २००० धरली आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक गरज चहाबरोबरच भागली. जेवण अजून व्हावयाचेच आहे! शिवाय मागावर दिवसभर उभा राहणारा आणि गादीवर बसून वह्या लिहिणारा, या दोघांची गरज सारखी कशी असेल?

आता कोणी म्हणेल, सुरतेत आपण पुड्यातले खातो तरी किती? खरे आहे. लोचो, सुटे फरसाण, चांदणी पडव्याची घारी, यांवर कोष्टक नसते. दहा किंवा अधिक शाखांच्या उपाहारगृहांना २०२२ पासून उष्मांक दाखविणे भाग आहे. कोपऱ्यावरच्या दुकानाला नाही. तेथे आपणच अंदाज करावयास शिकले पाहिजे. एक ग्रॅम तूप किंवा तेल म्हणजे ९ उष्मांक. एक ग्रॅम साखर म्हणजे ४. एवढे ध्यानी ठेवले की मावा, साखर आणि वरून तूप घेतलेली घारी किती जड, हे कोणी सांगावयास नको. सण सोडा असे आम्ही म्हणत नाही. एकाच घारीचे चार वाटे करा, एवढेच म्हणतो.

उष्मांक म्हणजे सर्व काही नव्हे. त्याच कोष्टकात साखर आणि सोडियमही असते. वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅम आणि मीठ ५ ग्रॅम, ही मर्यादा मानली आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. आपल्या घराघरांतही तो आला आहे, हे आपण जाणताच.

एक अडचण उरते. मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते. बहुतेक पुड्यांवर तो इंग्रजीत असतो, आणि मराठी शाळेत शिकलेल्या आजीबाईंना तो वाचता येत नाही. म्हणून आमची विनंती मुलांना आहे. पुडा फोडण्यापूर्वी आकडा मोठ्याने वाचा, पुड्याच्या वजनाने हिशेब करा आणि घरातल्या सर्वांना सांगा. शाळेतले त्रैराशिक याहून अधिक उपयोगी कोठे पडणार?