पात्याचा ताठा



आयुष्य भट्टीसमोर घालवलेल्या माणसाला तुम्ही अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलेत, त्याबद्दल आभार. संयोजकांनी सुचवलेला विषय होता ‘मराठवाडा आणि नवे तंत्रज्ञान’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायचे तर घोषणाच द्याव्या लागतात, आणि त्या द्यायला उद्घाटक येऊन गेलेच आहेत. मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे : पवनचक्कीच्या पात्यातला काचेचा धागा.

दौलताबादेत हा विषय परका नाही. इथून जवळच वेरूळची लेणी आहेत. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि इथल्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. शेकडो वर्षे तो गिलावा टिकला. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे तंतू नव्हते आणि तिथे किडीने फार नासधूस केली. तंतूने ताण घ्यायचा आणि मातीने त्याला जागेवर धरून ठेवायचे, ही कामाची वाटणी त्या गवंड्यांना ठाऊक होती. पवनचक्कीच्या पात्यात मातीच्या जागी इपॉक्सी राळ आली आणि भांगेच्या जागी काच. वाटणी तीच राहिली.

१९८६ मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ५५ किलोवॅटच्या पवनचक्क्या लागल्या. गुजरातेत ओखा आणि तिकडे तामिळनाडू यांच्या जोडीने देशातले हे सुरुवातीचे प्रयोग. त्यांची पाती सात-आठ मीटरची, एका ट्रकवर मावणारी. पुढे साताऱ्याच्या पठारावर वनकुसवडे आणि चाळकेवाडी, धुळ्याकडे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, आणि आता बीड-धाराशिवचे माळ. आज साठ-सत्तर मीटरची पाती आपल्या रस्त्यांवरून जातात आणि वळणावर अख्खे गाव बघायला उभे राहते.

पाते लांब केले की ते जास्त वारा कवेत घेते, पण वजनही वाढते. सगळी मापे सारख्याच पटीत वाढवली, तर वजन लांबीच्या घनाने वाढते. एलएम या डॅनिश कंपनीचे साडेएकसष्ट मीटरचे पाते सुमारे १८ टनांचे होते. त्याच कंपनीने २०१९ मध्ये १०७ मीटरचे पाते केले. नुसत्या भूमितीच्या हिशेबाने त्याचे वजन नव्वद टनांच्या पुढे जायला हवे होते. प्रत्यक्षात ते ५५ टनांच्या आसपास राहिले. मधले टन कुठे गेले? काही आकाराच्या हुशारीत गेले, काही काचेच्या जोडीला वापरलेल्या कार्बन तंतूत, आणि बाकीचे धाग्याच्या सुधारणेत.

आता एक गैरसमज बाजूला करतो. मंत्री असोत की विद्यार्थी, सगळे विचारतात, ‘धागा किती मजबूत आहे?’ पात्याचा अभियंता आधी विचारतो, ‘धागा किती ताठ आहे?’ जोराच्या वाऱ्यात पाते मागे वाकते. ते न तुटताही मनोऱ्यावर आपटले, तर त्या मजबुतीचे काय लोणचे घालायचे? शिवाय मिनिटाला बारा फेरे धरले, तर वीस वर्षांत ते बारा कोटींच्या वर जातात. प्रत्येक फेऱ्यात पात्याचे स्वतःचेच वजन त्याला एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने वाकवते.

ताकद आणि ताठरपणा हे दोन गुण वेगवेगळ्या ठिकाणाहून येतात. ताकदीचे रहस्य ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये उलगडले. काचेची कांडी सहज तुटते, पण तिचाच केसाहून बारीक धागा ओढला तर तो कितीतरी पट ताण सोसतो. काच मोडते ती अंगावरच्या अतिसूक्ष्म चिरांमुळे, आणि बारीक धाग्यावर मोठ्या चिरेला जागाच नसते. म्हणून धागा बुशिंगमधून, म्हणजे भट्टीच्या तळाच्या छिद्रांच्या तबकातून, बाहेर पडताक्षणी त्यावर सायझिंगचा लेप चढवतात. तो धाग्याला धाग्यावर घासू देत नाही आणि पुढे राळेशी त्याची गाठ घालून देतो. ताकद म्हणजे बरीचशी हाताळणी.

ताठरपणा मात्र हाताळणीने वाढत नाही. तो काचेच्या घडणीतच असावा लागतो. नेहमीच्या ई-काचेचा ताठरपणा ७२ गिगापास्कलच्या आसपास असतो. बोरॉन काढून टाकायचे, अॅल्युमिना आणि मॅग्नेशिया वाढवायचे, की तो नव्वदीच्या जवळ जातो. कागदावर हे सोपे आहे. भट्टीत मात्र अशी काच जास्त तापमान मागते, विटांचे अस्तर लवकर खाते आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमचे महागडे बुशिंग झिजवते. सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. ज्या तापमानाला धागा ओढायचा आणि ज्या तापमानाला काचेत स्फटिक धरू लागतात, त्या दोहोंतले अंतर कमी होते. पाक तारेवर आला असताना जरा दुर्लक्ष झाले की तो साखरतो, तसेच हे. एक स्फटिक छिद्राशी आला की धागा तुटतो, आणि एका बुशिंगला अशी छिद्रे हजारोंनी असतात. गेल्या तीस वर्षांतले या क्षेत्रातले बरेचसे संशोधन हे अंतर चार-दोन अंशांनी रुंदावण्यासाठी चालले आहे.

या धंद्यात आपण नवखे नाही. तळोज्यात ओवेन्स कॉर्निंगने काचतंतूचा कारखाना चालवला, गोव्यात कोलवाळला गोवा ग्लास फायबर आहे, पुण्यात पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन आहे. पण काचेची कृती बहुतेक वेळा बाहेरून येते. आपण कुशल स्वयंपाकी आहोत, पण वाण्याची यादी दुसराच कोणी लिहितो. हे मला आवडत नाही, आणि ते इथे सांगायला हरकत नाही.

काही जण म्हणतील, देवगिरीचा डोंगरच बेसाल्टचा आहे, बेसाल्टपासून धागा निघतो, मग अडचण कसली? धागा निघतो हे खरे. खडीच वितळवायची, त्यात वेगळे काही मिसळावे लागत नाही, आणि ताठरपणात तो ई-काचेच्या पुढे जातो. पण दगडातल्या लोहामुळे वितळलेला रस काळा असतो, उष्णता आतपर्यंत झिरपत नाही आणि रस एकसारखा होत नाही. शिवाय एका खाणीचा दगड दुसऱ्या खाणीसारखा नसतो. पात्याला वीस वर्षे एकच गुण लागतो. म्हणून दख्खनच्या दगडावर उद्या पवनचक्क्या फिरतील असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. आधी खाणवार नमुने घेऊन मोजमाप झाले पाहिजे. ते काम आपल्या विद्यापीठाच्या आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवाक्यातले आहे.

आणखी एक काम याहून जवळचे आहे. उत्तमातला उत्तम धागा आणला, पण साच्यात कापड पसरताना सुरकुती राहिली, तर तिथला धागा सरळ उरत नाही आणि दाब आला की पाते तिथूनच दगा देते. पात्याची ताकद शेवटी साच्यात वाकून काम करणाऱ्या मुला-मुलींच्या हातात असते, आणि त्यांना आपण कंत्राटावर सहा-सहा महिने ठेवतो. २००८ मध्ये सुझलॉनने अमेरिकेतली १,२५१ पाती मजबूत करण्याचा कार्यक्रम उघडपणे जाहीर केला, कारण काही पात्यांना तडे गेले होते. ती बातमी शेअर बाजाराच्या पानावर वाचली गेली. आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गांत मात्र ती शिकवली गेली नाही.

म्हणून माझी विनंती अगदी छोटी आहे. पाती बनवणाऱ्या आणि पवनचक्क्या चालवणाऱ्या कंपन्यांनी तुटलेल्या, तडे गेलेल्या पात्यांचे तुकडे भंगारात न घालता इथल्या महाविद्यालयांना आणि सिपेट या प्लास्टिक-तंत्रज्ञान संस्थेला द्यावेत. हवे तर कंपनीचे नाव पुसून द्यावेत, पण पाते किती वर्षे फिरले आणि कुठे फुटले हे सोबत लिहावे. विद्यार्थ्यांनी ते कापावेत, पाहावेत आणि निष्कर्ष मराठीत छापावेत. उद्याच्या ठरावांच्या सत्रात हा ठराव पहिल्या क्रमांकावर घ्यावा, अशी मी अध्यक्ष या नात्याने सूचना करतो.