कार्डाला कुलूप



पावण्याच्या कारखान्यांत घाम गाळून मिळालेला पगार आता बँकेत जमा होतो. आपल्या हाती असते ते कार्ड. कार्ड म्हणजे पेटीची किल्लीच. ती चोराच्या हाती पडली तर?

म्हणून कार्डाला रोजची मर्यादा असते. एटीएममधून काढायच्या पैशांची वेगळी, दुकानातल्या खरेदीची वेगळी. बँकेने ठरवलेली मर्यादा बहुधा मोठी असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे ती आपल्याला कमी करता येते. रोज २,००० रुपये पुरतात ना? मग तेवढीच ठेवा. लग्नकार्य किंवा दवाखाना निघाला, तर वाढवा. काम झाले की पुन्हा उतरवा.

कार्ड हरवले, तर तडक बँकेला कळवून बंद करा. तोवर मर्यादा राखण करील.