मेंदूचा जमाखर्च
(वार्षिक सभेतील प्रशासकीय मनोगत)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. मेंदूविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. तथापि, ज्यांचे आयुष्य जमाखर्च मांडण्यात गेले, त्यांना निसर्गाची खातेवही थोडीफार वाचता येते.

मेळघाटात कोलकासला आपण हत्ती पाहिले असतील. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत सुमारे २५७ अब्ज चेतापेशी असतात, माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज. मात्र हत्तीच्या बहुतेक पेशी हालचालींचे नियमन करणाऱ्या लहान मेंदूत असतात. विचार, स्मरण व नियोजन ज्यावर अवलंबून आहे, त्या मोठ्या मेंदूच्या बाह्यकात हत्तीच्या पेशी सुमारे साडेपाच अब्ज, माणसाच्या सोळा अब्ज. एकूण रकमेपेक्षा ती कोणत्या खात्यात जमा आहे, यालाच महत्त्व!

ही श्रीमंती खर्चिक आहे. शरीराच्या वजनात दोन टक्के असलेला मेंदू सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो. तान्ह्या बाळात हे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. लाल तोंडाच्या माकडाचे पिल्लू प्रौढ मेंदूचा निम्म्याहून अधिक आकार घेऊनच जन्मते. मानवी बाळाचा मेंदू मात्र जन्मतः प्रौढाच्या चौथाईहून थोडाच मोठा असतो व दोन वर्षांत तीन-चतुर्थांशाच्या घरात पोहोचतो. म्हणजेच माणसाची भाषा, ओळख आणि समज बव्हंशी आईच्या मांडीवर घडते.

माणसाचे सामर्थ्य येथेच आहे आणि धोकाही येथेच. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर किंवा अकोल्याकडील कापूसवेचणीच्या हंगामात आई उपाशी राहिली, बाळ अर्धपोटी राहिले, तर पहिल्या हजार दिवसांतील ती तूट पुढे पूर्णपणे भरून निघणे कठीण.

येथे आम्हांस एक चूक कबूल केली पाहिजे. प्रसूत माता व बालकांच्या आहाराचा खर्च आम्ही अनेक वर्षे 'किरकोळ' या सदरात मांडला आणि काटकसरीची वेळ येताच प्रथम तेथेच कात्री लावली. हिशेब जुळला, पण तो योग्य नव्हता.

विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे की, यंत्रखरेदीच्या निधीतील काही भाग आगामी वर्षी माता-बाल आहारासाठी स्वतंत्र शीर्षाखाली राखून ठेवावा. यंत्र वर्षभर उशिरा आले तरी चालेल. बाळाचा मेंदू थांबणार नाही.