मनाच्या रोग्याचे शरीर
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहे. पण आजचा विषय मी घरातच शिकलो. माझ्या थोरल्या बंधूंना, आमच्या भाईजानना, स्किझोफ्रेनिया हा मनोविकार होता. औषधाने गुण आला. भास थांबले, झोप लागू लागली. मात्र वजन वाढत गेले. पुढे ते रात्री चारचारदा उठून पाणी पिऊ लागले, पायांची आग होते म्हणू लागले. आम्ही म्हणालो, "हाही वेडाचाच प्रकार." एका डॉक्टरांनीही तेच मानले. अखेर रक्त तपासले, तेव्हा मधुमेह बळावला होता. पायाची जखम चिघळली आणि ऐन पन्नाशीत ते गेले. त्यांची तक्रार खरी होती. ती ऐकणारे आम्ही कच्चे ठरलो.

हे एका घरचे दुर्दैव नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, तीव्र मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरण पावतात, आणि त्यांतील बरेचसे मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनविकार अशा टाळता येण्याजोग्या आजारांनी होतात. काही औषधांनी भूक व वजन वाढते, साखर चढते. आजारामुळे माणूस बसून राहतो. त्यात विडी-तंबाखूची भर पडते. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा रुग्णास शरीराच्या रोग्याइतकाच उपचाराचा हक्क दिला आहे. पण कायदा घरात येऊन नाडी पाहत नाही.

मग औषध बंद करावे काय? मुळीच नाही. आपल्या मनाने औषध सोडले तर रोग उलटण्याचे भय असते. वजन वाढते आहे हे डॉक्टरांना सांगावे. औषध किंवा मात्रा बदलता येते. औषध सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबी यांची नोंद करावी, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे, पुढे निदान वर्षातून एकदा तरी. विडी जरूर सोडवावी, पण डॉक्टरांना सांगून. कारण विडी सुटली की काही औषधांची मात्रा कमी करावी लागते. आणि "जा, फिरून ये" असे नुसते सांगू नये. आपण चपला घालाव्यात आणि बरोबर चालावे.

शाळेत आम्ही प्रत्येक मुलाचे प्रगतिपुस्तक ठेवतो. तशीच एक वही या रुग्णाची असावी. धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत जाताना ती पिशवीत असावी.

संस्थेला माझी एक विनंती आहे. आपल्या सभागृहात वजनकाटा आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवावे, आणि महिन्यातून एका रविवारी सर्व सभासदांची मोजणी करावी. सर्वांची म्हटले म्हणजे कोणी वेगळा पडणार नाही, आणि आतल्या खोलीत बसलेला आपला माणूसही त्या रांगेत उभा राहील.

भाईजानना ती रांग मिळाली नाही. दुसऱ्या कुणाला तरी मिळावी, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.