गुठळी आणि रक्तस्राव यांच्यामधली वाट
(वार्षिक सर्वसाधारण सभेत अस्थिरोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



गुडघ्याच्या अथवा खुब्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचे भय असते. ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणांवर बेतते. म्हणून हेपारिन जातीचे इंजेक्शन, रिव्हरोक्साबॅनसारखी गोळी किंवा ॲस्पिरिन आम्ही साधारणतः १० ते १४ दिवस, प्रसंगी ३५ दिवसांपर्यंत देतो.

परंतु गुठळी रोखणारे औषध वाहते रक्तही सहजी थांबू देत नाही. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावली. त्या चाऱ्यातील द्रव्याच्या शोधातून वॉरफरिन निर्माण झाले. १९४८ मध्ये ते प्रथम उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि पुढे तेच रुग्णांना तारणारे औषध ठरले. मात्रा आणि दक्षता यांवरच सारे अवलंबून असते.

एका आजींचा प्रसंग आम्हांस विसरता येत नाही. खुब्याची शस्त्रक्रिया होऊन त्या गगनबावड्याकडील आपल्या वाडीवर परतल्या. पाय ठणकतो म्हणून घरच्यांनी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या. शौचास काळी होऊ लागली, तेव्हा लोहाच्या गोळ्यांमुळे असेल, असा समज झाला. कोल्हापुरास आणले तेव्हा त्या निस्त्राण झाल्या होत्या. रक्त चढवावे लागले. सुदैवाने त्या वाचल्या. दोष त्या कुटुंबाचा नव्हता. आम्ही औषध दिले होते, त्यातील धोका मात्र नीट समजावला नव्हता.

तेव्हापासून औषध ठरविण्यापूर्वी आम्ही मूत्रपिंडाची तपासणी पाहतो, कारण ते अशक्त असल्यास यांतील काही औषधे शरीरात साठतात. रुग्ण घेत असलेली प्रत्येक गोळी, काढा वा चूर्ण विचारतो. घरी पाठविताना सूचना मराठीत सांगून त्या घरातील माणसाकडून पुन्हा वदवून घेतो.

आपणांस विनंती एवढीच: जखम फुगली, टाका भिजत राहिला, शौचास काळी झाली, लघवीत रक्त दिसले किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नये. पाय एकाएकी सुजला वा धाप लागली, तरीही तत्काळ यावे. विचारल्यावाचून वेदनाशामक देऊ नये आणि भीतीपोटी चालू औषध परस्पर बंदही करू नये.

देणगीदारांच्या साहाय्याने शस्त्रक्रिया पार पडतात. अशा अवघड रात्री मात्र रक्तपेढीतील एक पिशवी मोलाची ठरते. ते दानही आपल्या हातून घडावे, ही प्रार्थना.