भयपटातील मांजर : स्वागताध्यक्षीय भाषण



गोदाकाठच्या नांदेड नगरीत भरलेल्या या चित्रपट आस्वाद परिषदेस लातूर, परभणी, हिंगोलीहून आलेल्या अभ्यासकांचे व विद्यार्थ्यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे. अभिजात भयपटांतील मांजर हा यंदाचा विषय मराठवाड्याला परका नाही. कारण माळवदाच्या घरांत धान्याला उंदीर लागू नयेत म्हणून ज्या मांजराला दूध घातले जाते, तेच आडवे गेले की गावाला निघालेला माणूस घटकाभर थांबतो, आणि गुणी प्राण्यावर घेतलेल्या या अशुभाच्या आळाचे भांडवल पडद्याने जगभर केले आहे.

१९३४ च्या ‘द ब्लॅक कॅट’मध्ये एडगर अ‍ॅलन पो यांच्या कथेचे नावच काय ते उरले असले, तरी काळे मांजर दिसताच गारठणारा, बेला लुगोसी यांनी रंगवलेला डॉक्टर एवढे नक्की दाखवतो की, भय मांजरात नसून पाहणाऱ्याच्या मनात असते. हे सूत्र पूर्णत्वास नेले ते १९४२ च्या ‘कॅट पीपल’ने. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या हाती पैसा तुटपुंजा होता, म्हणून दिग्दर्शक जाक तुर्नर यांनी श्वापद शक्य तितके अंधारात ठेवून सावली आणि आवाज यांवर भिस्त ठेवली. उद्यानाच्या भिंतीलगत एकटी तरुणी चालते, मागून येणारा टाचांचा आवाज एकाएकी थांबतो, तिची पावले भराभर पडू लागतात, आणि काळ्या बिबट्याच्या गुरगुरण्यासारखा जो फिसकारा कानी पडतो, तो शेजारी येऊन थांबलेल्या बसचा निघतो. ताण शिगेला नेऊन निरुपद्रवी कारणाने दचकवण्याच्या या युक्तीला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात.

पुढे बसची जागा कपाटातून उडी मारणाऱ्या मांजराने घेतली व युक्ती स्वस्त झाली. रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) मध्ये मात्र मांजर शोधायला गेलेला माणूसच मारला जातो, म्हणजे खोट्या दचक्याआडून खरा मृत्यू येतो. राम गोपाल वर्मा यांच्या ‘रात’ (१९९२) मध्ये मेलेले मांजर पुन्हा दिसू लागते आणि अरिष्टाची चाहूल त्याच्याच अंगाला चिकटते. तंत्र कसदार असूनही तुर्नर यांनी माणसाच्या मनात नेलेली भीती येथे पुन्हा प्राण्याच्या माथी मारली जाते, हे समितीला खटकते, आणि निबंधवाचकांनी या प्रश्नाला थेट हात घालावा, अशी तिची अपेक्षा आहे.

उद्घाटनानंतर ‘कॅट पीपल’ दाखवण्यात येईल व बसचा प्रसंग चर्चेसाठी एकदा आवाजासह, एकदा आवाजाविना पुन्हा लावला जाईल. परिषदाध्यक्षांनी सूत्रे स्वीकारावीत, ही समितीची विनंती आहे.